तिसरा चेंडू

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा तिच्या डोक्यावर कमोडची खुर्ची होती. आता याला कोण काय करणार? गोष्टीतल्या मुलींच्या हातात अशा वेळी फुलं असतात, गेलाबाजार एखादं पुस्तक तरी असतं. हिच्या वाट्याला आली मधोमध भोक असलेली पांढरी प्लास्टिकची खुर्ची, आणि तीही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलेली. लिफ्टमध्ये ती मावली नव्हती. बाहेर पावसाची रिपरिप, जिना निसरडा, आणि दुपारी बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं.

“पाठीतून जोर लावू नका,” खालून कुणीतरी म्हणालं. “गुडघ्यांत वाका.”

“वाकले तर ही तुमच्या डोक्यात पडेल.”

“पडू दे. तुमची पाठ धरली तर शेवटी मलाच यावं लागेल.”

म्हणजे काय, हे विचारायला तिने खाली पाहिलं, आणि खुर्चीच्या त्या भोकातून तिला त्याचा चेहरा दिसला. भिजलेले केस, हसरे डोळे आणि नाकावर वाकडा चष्मा. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची. माणसाआधी चष्मा बघायची खोड तिला केव्हाच लागली होती.

“तुमचा चष्मा वाकडा आहे,” ती म्हणाली.

“चष्मा सरळ आहे हो. माझे कान खालीवर आहेत.”

“सगळ्यांचेच असतात. दांडी वाकवून घ्यायची असते.”

“बघू… आधी या महाराणींना वर नेऊ.”

खुर्ची तिसऱ्या मजल्यावर तिच्या दारापाशी टेकली, तरी हा जाईना. खिशातला कागद काढून त्याने दारावरचा नंबर ताडून पाहिला. हॉस्पिटलने पाठवलेला फिजिओथेरपिस्ट तो हाच.

“उद्यापासून यायचंय. घर सापडतंय का ते बघायला आलो होतो,” तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत म्हणाला, “सापडलं.”

आता घर सापडलं, यात लाजण्यासारखं काय आहे? पण ती लाजली, आणि खुर्ची उगाचच दोनदा पुसली.

तिचे बाबा फुटबॉलचे पंच होते. निवृत्त झाले तरी घरात पंचच. कुणी टॉवेल ओला ठेवला की फाउल, कुणी उशिरा आलं की ताकीद. असा माणूस ऑपरेशननंतर पार मवाळ झाला होता. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं, त्यामुळे खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची. हाक मारायला आवाज पुरेना, म्हणून आईने त्यांची जुनी शिट्टी त्यांच्या गळ्यात अडकवली. पहिल्या आठवड्यात तिच्यातून नुसतं ‘फुस्स’ निघायचं, आणि तेवढ्यावर आई हातातलं काम टाकून धावायची. घराने पाळ्या वाटून घेतल्या. आंघोळ दादाकडे, गोळ्या वहिनीकडे, पथ्याचं जेवण आईकडे. व्यायाम हिच्याकडे आला, कारण दुकानाचा मालक भला माणूस, तिला पाचलाच सोडायचा. आणि फिजिओ साडेपाचला यायचा.

बाबांनी त्याचं नाव ‘कोच’ ठेवलं. कोचने पहिल्याच दिवशी पिशवीतून एक खेळणं काढलं. प्लास्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू, आणि तोंडात धरायला एक लांब नळी. बाबांनी ती तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली. चेंडू ढिम्म.

“काका, फुंकायचं नाही. श्वास आत ओढायचा. श्वास भरला की चेंडू वर जातात.”

“आयुष्यभर फुंकतच आलोय मी,” बाबा म्हणाले. “आता या वयात ओढू?”

“तिन्ही चेंडू वर राहिले आणि तीन मजले न थांबता चढलात, की माझी सुट्टी.”

तेव्हा तिला ते वाक्य फार गोड वाटलं होतं. बाबा बरे होणार, एवढंच तिला त्यात ऐकू आलं.

मग दिवस तसे सुरू झाले. बाबा पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. कोच एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मध्ये बाबा. दोघं बोलायची ती बाबांच्या डोक्यावरून.

“आज उशीर झाला तुम्हाला. पाच मिनिटं.”

“घड्याळ लावून बसता वाटतं?”

“पंचाची मुलगी आहे मी.”

“मग ताकीद द्या… पिवळं कार्ड दाखवा.”

“पुढे बघा दोघं,” बाबा म्हणायचे. “पडायचो मी.”

पाचव्या आठवड्यात एकदा बाबा दमून पडले होते, तेव्हा तिने त्याच्या नाकावरचा चष्मा सरळ काढूनच घेतला. काचांवर नुसते ओरखडे. “यातून मी तुम्हाला धूसरच दिसत असणार,” ती म्हणाली.

“धूसर दिसून ही अवस्था आहे…” तो बोलून गेला, आणि मग घसा साफ करत बसला.

नव्या काचांसाठी डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं. तिने पर्समधून पट्टी काढली, त्याच्यासमोर स्टुलावर बसली, पट्टी त्याच्या नाकाच्या वर धरली. “माझ्या डाव्या डोळ्यात बघा.”

“फक्त डाव्या?”

“आधी डाव्या. मग उजव्या… हलू नका.”

“मी कुठे हलतोय? पट्टी हलतेय.”

हे माप ती दिवसातून दहा वेळा घ्यायची. डोळे मिटून सांगावं इतकं सवयीचं काम. त्या दिवशी तिने ते तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. त्याच्या डोळ्यांत खिडकीचा छोटा चौकोन होता, आणि त्यात ती स्वतः होती. पलंगावरून शिट्टी फुरफुरली तेव्हा कुठे दोघं भानावर आली.

निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, “तुम्हाला सांगायचं राहिलं. मला दुसऱ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागलीय. पाच तासांचा रस्ता आहे.”

“अरे वा,” ती म्हणाली. तिचं तिलाच ते कोरडं वाटलं. “कधी?”

“काकांचा तिसरा चेंडू वर गेला की. तोवर येत नाही, असं कळवलंय त्यांना.”

त्या दिवसापासून तिसरा चेंडू तिचा वैरी झाला. दोन चेंडू बाबा आता सहज उचलत, आणि तिसरा थरथरला की ती खिडकीबाहेर बघायची. बाप बरा व्हावा म्हणून ती रोज जिवाचं रान करत होती, आणि त्याच बापाचा चेंडू खाली बसला की तिला हायसं वाटत होतं. अशा मुलीला काय म्हणावं? तिने स्वतःला नाही नाही ते म्हणून घेतलं. तरी साडेपाच वाजायला आले की ती आरशासमोर असायचीच.

पण तिसरा चेंडू वर जाईचना. सातवा आठवडा झाला, आठवा झाला. बाबा तीन मजले चढायचे, गप्पा मारत चढायचे, आणि नळी तोंडात धरली की तिसरा चेंडू जरासा उडून मटकन बसायचा. कोचच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो बाबांच्या पाठीला कान लावून पुन्हा पुन्हा ऐकायचा. शेवटी त्याने आईला सांगितलं, फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल कदाचित. सर्जनना दाखवायला हवं. वेळ पडली तर सुई घालून काढावं लागेल. आई मान हलवत ‘बरं’ म्हणाली, आणि ताटावर बसून दोन घासांत उठली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून येताना कोपऱ्यावर वळली आणि थबकली. गाड्यांचा एवढा गलबला, त्यावरून शिट्टी ऐकू आली. लांब, खणखणीत, सामना संपवणारी. तिच्या घरातली. छातीत पाणी साठलेला माणूस अशी शिट्टी वाजवत नाही, हे कळायला फिजिओ असावं लागत नाही.

ती धावत वर गेली. आई वाणसामान आणायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं. आत बाबा खुर्चीत ताठ बसलेले, नळी तोंडात, आणि तिन्ही चेंडू वर, छताला चिकटल्यासारखे. बाबा बोटांवर सेकंद मोजत होते.

“बाबा.”

चेंडू टपटप खाली बसले.

“कधीपासून?”

“झाले असतील दोन आठवडे,” बाबा म्हणाले. चोरी पकडल्यावर पंचाने कसं दिसावं, याचा त्यांना सराव नव्हता. “दुखापतीत गेलेला वेळ शेवटी जोडून द्यावा लागतो, बाळा. नियम आहे. ऑपरेशनच्या आधीपासून धरलं तर माझ्या आजारपणात तुझं वर्ष गेलं. कुठे जाणं नाही, येणं नाही. आणि हल्ली साडेपाचच्या आत तू गुणगुणतेस. मी म्हटलं, थोडा वेळ जोडून देऊ.”

तिला रडूही आलं आणि हसूही. ती त्यांच्या पायाशी बसली.

“आई काल जेवली नाही, बाबा. तिला वाटतंय तुम्हाला परत काहीतरी झालंय.”

 हे बाबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गळ्यातली शिट्टी त्यांनी काढून तिच्या हातात ठेवली. “चुकलं माझं. मी सांगतो कोचला.”

“नको. मी सांगते,” ती म्हणाली. वेळ तिच्यासाठी जोडला होता, तो परतही तिनेच करायला हवा होता.

तिने त्याला जिन्यातच गाठलं, दुसऱ्या मजल्याच्या त्याच वळणावर.

“तिसरा चेंडू वर जातो. दोन आठवड्यांपासून. बाबा मुद्दाम जाऊ देत नव्हते.”

तो पायरीवर बसलाच. चष्मा काढून त्याने डोळे पुसले. “मी किती वेळा ऐकलं त्यांच्या छातीत… काहीच सापडेना. मला वाटलं, माझंच काही चुकतंय, आणि त्यात काकांचं बरंवाईट व्हायचं.” मग त्याने वर पाहिलं. “पण का?”

“तुमची सुट्टी होऊ नये म्हणून.”

“त्यांना माझी एवढी सवय झाली?”

हीच ती वेळ होती. ‘त्यांना नाही, मला’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले… पण तिला ते दुसऱ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल दिसलं, त्याची नोकरी दिसली, आणि आपल्यापायी आधीच एवढा घोळ झालाय, असं वाटून गेलं.

“हो,” ती म्हणाली. “त्यांना.”

“असं,” तो म्हणाला, आणि उठला.

शेवटच्या दिवशी बाबांनी तिन्ही चेंडू उचलून दाखवले, शाळेतल्या पोरासारखी मान खाली घालून. कोचने फाइल मिटली. तिने नवा चष्मा आणला होता. स्वतःच्या हाताने काचा घासल्या होत्या, प्रत्येक स्क्रू स्वतः आवळला होता. दांड्या कानांमागे बसल्यात का ते बोटांनी चाचपून बघावं लागतं. तिने बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

“आता सरळ आहे,” ती म्हणाली. “दिसतंय का नीट?”

“फार नीट दिसतंय,” तो म्हणाला. “तिथेच तर अवघड झालं.”

आणि गेला.

घर पूर्ववत झालं. दादा-वहिनी आपल्या घरी गेले, कमोडची खुर्ची परत गेली, आई पोटभर जेवू लागली. सगळं कसं हवं तसं झालं, आणि तिला कशातच गोडी वाटेना. दुकानात पाच वाजले की काच घासणारा हात आपोआप थांबायचा. बाबा रोज संध्याकाळी चालत दुकानापर्यंत यायचे, बाकावर बसून दम घ्यायचे, तिला घेऊन घरी जायचे. कोचचा मेसेज यायचा. ‘काका आज किती चालले?’ ती लिहायची, ‘दोन किलोमीटर.’ पुढे अडीच. पुढे तीन. त्याखाली ती आणखी काहीतरी लिहायची, आणि पुसून टाकायची. महिनाभर दोघं बाबांच्या पायांवरच बोलत राहिली.

आणि एका संध्याकाळी साडेपाचला दुकानाचं दार ढकलून तो आत आला. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याची सुटलेली दांडी. ती पुढच्या टेबलाशी होती, बाबा बाकावर होते. त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

“स्क्रू निघाला,” तो म्हणाला.

“पाच तासांच्या रस्त्यात चष्म्याचं एकही दुकान नव्हतं?”

“होती ना. सोळा होती.”

“स्क्रू आहे का?”

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत मुंगीएवढा स्क्रू, नीट जपून ठेवलेला. तिने तो चिमट्याने उचलला, भिंगाखाली धरला. बराच वेळ बघितला.

“मी आवळलेला स्क्रू महिन्यात निघत नाही,” ती हळूच म्हणाली. “आणि निघून पडला तर कुणाला सापडत नाही. याच्या डोक्यावर तर सुरीच्या खुणा आहेत.”

 त्याने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. त्यावर चिकटपट्टी होती. “भाजीची सुरी होती. सटकली.”

“पण का?”

“जिन्यात तुम्ही म्हणालात, काकांना सवय झाली. ते महिनाभर मनात घोळतंय माझ्या. खरं होतं का ते, एवढंच विचारायला आलो.”

तिने चिमटा खाली ठेवला. 

“खोटं होतं,” ती म्हणाली. “मला झाली होती. मला… तुमची. अजून गेलेली नाही.”

 त्याचे डोळे चष्म्याविना तिच्यावर खिळले होते. ती त्याला पुन्हा धूसर दिसत असणार, पण त्याला त्याचं काही वाटत नसावं.

“बसा,” ती म्हणाली. “स्क्रू बसवायला वेळ लागेल.”

काम दोन मिनिटांचं होतं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, आणि गल्ल्यावरच्या मालकाला खांद्याला धरून उठवलं.

“चला, आपण दोघं जरा बाहेर उभे राहू,” ते म्हणाले. “इथे वेळ जोडून दिलाय.”