भर उन्हात झोपणारी पॅनलं

"उद्या काढून टाकतंय ही पॅनलां!" बाबांनी जेवता जेवता जाहीर केलं. "भर उन्हात बंद पडतत! सगळो तुझो हट्ट, हर्षा."

हर्षाचा घास तोंडातच राहिला. हट्ट तिचाच होता, पण तिला भरीस घातलं होतं बाबांच्या धाकट्या भावाने, सुदेशकाकाने. इब्रामपुरात छपरावर सौर पॅनलं बसवणारा पहिला तोच. छपरावरची जास्तीची वीज तारेतून शेजाऱ्यांकडे जाते, हे त्यानेच तिला समजावलं होतं. काकाचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ!

"रोज दुपारीच बंद, आणि संध्याकाळी आपोआप चालू?" हर्षाने जेवणानंतर सगळं सांगताच तिची मैत्रीण सिद्धी म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय!"

"भूत असतला," सुदेशकाकाचा मुलगा साईश म्हणाला.

"मग भूतच धरूया!" हर्षा म्हणाली.

जेवणं झाली की सगळा गाव आडवा होतो. त्या वेळी दार वाजवणारा पाहुणासुद्धा वैरी! तिघं मात्र झोपेचं सोंग करून निसटली आणि हर्षाच्या अंगणातल्या लाकडांच्या राशीमागे दबा धरून बसली.

फाटक हळूच करकरलं. कुणीतरी भिंतीवरच्या, पॅनलांच्या खटक्याच्या पेटीपाशी आलं, झाकण उघडलं आणि खटका खाली ओढला.

सुदेशकाका!

साईशचा चेहरा पांढराफटक पडला. हर्षा ताडकन बाहेर आली. "काका, तू?"

काका दचकला, मग हसला. "अगो, झोपूक नाय? आयक तरी. दुपारी सगळे झोपतत, वीज कोण वापरणत नाय. मगे तारेत व्होल्टेज चडता आणि पॅनलां आपोआप बंद पडतत. माझा घर लाईनीच्या शेवटाक, म्हणून पयली माझीच पॅनलां बंद पडतत. तुमची बंद ठेवली की माझी चलतत. थोडो वेळच तर! सांजचो परत चालू करतंय."

"म्हणजे तुला ठाऊक होतं! बाबा रोज मला बोल लावत होते आणि तू शेजारी बसून आमचाच चहा पीत होतास!"

हर्षाला रडू फुटलं. चोर परका असता तर तिने दगड उचलला असता. आपल्याच माणसाने केसाने गळा कापला, आता करायचं काय?

तेवढ्यात साईशने बोंब ठोकली. "मोठेकाका! उठा! सगळे उठा!"

अर्धी वाडी डोळे चोळत, चिडून धावत आली. साईशनेच सगळं सांगितलं, आणि काकाला मान वर करता येईना.

"आता बंद कुणाची ठेवची?" पंच अश्विनीताईंनी विचारलं. "तुझी की ह्येंची?"

"कुणाचीच नको!" हर्षाने डोळे पुसले. "वीज वापरली की व्होल्टेज उतरेल ना? मग पोफळीच्या बागेचे पंप सकाळी कशाला? दुपारीच लावूया!"

लगेच खटका वर करून पंप लावून पाहिले. दोन्ही घरची पॅनलं चालू राहिली!

"पण दुपारी जागतलो कोण?" बाबांनी विचारलं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. झोप सोडायची म्हणजे काय थट्टा आहे!

"सुदेश!" शेजारच्या शांताआजी कडाडल्या. "तो तसोय जागोच असता!"

हशा पिकला.

"चुकलंय गो, उगाच तुका बोललंय," बाबा हर्षाला म्हणाले. "पॅनलां खंय जाणत नाय."

"शाबास पोरांनो! उद्या पंचायतीत ह्येच सांगतंय," अश्विनीताईंनी तिघांची पाठ थोपटली.

आपणही कौतुक करावं म्हणून काकाने हर्षाच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. ती बाजूला सरली. साईश भिंतीपाशी एकटाच उभा होता. ती त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.