आमेनच्या आधी

दार पुन्हा वाजलं... आणि ताईनं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले!

"नाही उठायची," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "आज काही झालं तरी नाही उठायची. प्रभू, आज फक्त तू आणि मी!"

बायबल मांडीवर उघडं होतं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, खिडकीचा पडदा ओढला होता, आणि मोबाईल तर तिनं चक्क पिठाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं होतं. दारावर आणखी एक थाप पडली, जरा हळू, जरा ओशाळल्यासारखी... मग तीही थांबली. जिन्यावरून पावलं उतरत गेली. ताईनं समाधानाचा दीर्घ निःश्वास सोडला. जिंकले एकदाची! त्या बिचारीला काय ठाऊक, की ज्या पावलांसाठी तिचे कान कित्येक वर्षं आसुसले होते, तीच पावलं आता तिच्या दारातून माघारी चालली होती!

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीचं काम करायची. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी दाबायच्या, संध्याकाळी एका माणसाचा स्वयंपाक करायचा आणि एकटीनंच जेवायचं, हा तिचा संसार. पहाटेची प्रार्थना आणि बायबलवाचन तेवढं तिचं स्वतःचं, जिवाभावाचं. पण तिथंही मन म्हणून थाऱ्यावर राहीना! स्तोत्राची पहिली ओळ वाचावी, तर दूध उतू जाईल की काय अशी धास्ती वाटे. दुसरी वाचावी, तर काल चादरीवरचा डाग निघाला होता की नव्हता, याचा घोर लागे. शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजीचं बोलणं भिंतीतून ऐकू येई. सगळ्या गावाच्या बातम्या देते म्हणून तिला सारे रेडिओआजीच म्हणत. आणि हे सगळं एखाद वेळी शांत झालंच, तर मिटल्या डोळ्यांपुढे एक चेहरा येऊन उभा राही... धाकट्याचा!

तो चेहरा ती सगळ्यांत आधी हाकलून देई.

म्हाताऱ्या पाळकांना तिनं एकदा हे रडतरडत सांगितलं होतं. ते हसून म्हणाले होते, "अहो, मला भर प्रवचनात जेवण आठवतं, तिथं तुमचं काय! जागा ठरवा, वेळ ठरवा, दार लावून घ्या. मन म्हणजे द्वाड पोर. पळालं की हात धरून परत आणायचं, मारायचं नाही." ताईनं मनाचा हात धरला होता खरा, पण जरा जास्तच घट्ट.

धाकटा तिचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. ताईनं शाळा सोडली, पुढे ठरलेलं लग्नही मोडलं, कारण नवरा मुलगा म्हणाला, "तुझ्याबरोबर तुझं लेकरूही येणार का?" ती म्हणाली, "येणार!" आणि तो विषय तिथंच संपला. बाबा छापखान्यात राबत आणि ती इस्त्रीवर. धाकटा दूरच्या शहरात इंजिनिअर व्हायला गेला. त्याची शेवटची परीक्षा तोंडावर आली आणि बाबांनी अंथरूण धरलं.

"त्याला कळवायचं नाही," बाबांनी तिचा हात आपल्या हातात घेतला होता. "पोर परीक्षा टाकून धावत येईल. शपथ घे! आणि हे मी सांगितलं म्हणूनही कधी बोलू नकोस. त्यानं माझ्यावर रागवावं, हे मला मेल्यावरसुद्धा सोसायचं नाही गं!"

तिनं शपथ घेतली. धाकटा आला तेव्हा बाबांच्या कबरीवरची माती अजून ओली होती.

"तू माझा बाप माझ्यापासून चोरलास!" तो ओरडला होता. "निरोपाचा एक शब्द... एक शब्दही बोलू दिला नाहीस!"

ताई मान खाली घालून उभी राहिली. एका वाक्यात ती सुटली असती! पण मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, मला देता येतं, तेव्हा राग माझ्याच पदरात पडू दे, असं तिनं मनाशी ठरवलं. तो गेला, तो परत आलाच नाही. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, सगळं तिला उडतउडत कळलं.

तर त्या सकाळी, थापा थांबल्यावर आमेन म्हणून ताईनं दार उघडलं, तर रेडिओआजी जिन्यात उभीच!

"अगं बाई, तू घरातच होतीस? आणि त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवलंस?"

"कोणाला?"

"मला काय माहीत! उंचसा आहे, कानशिलं पिकलेली. चालतो मात्र हुबेहूब तुझ्या बाबांसारखा, एक खांदा पाडून. म्हणाला, फोन केला तोही उचलत नाही. 'ती मला दार उघडायची नाही, ठाऊक होतं मला,' एवढं म्हणाला आणि डोळे पुसतपुसत..."

पुढचं ताईनं ऐकलंच नाही. चपला पायांत सरकवायचं भान तिला कुठलं! जिना, गल्ली, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, सारं मागे टाकत ती धावत सुटली. थांब्यावर बस उभी होती, इंजिन घुरघुरत होतं.

"मावशी, चढायचंय का? चला लवकर!" कंडक्टर ओरडला.

"चढायचं नाही!" ती धापा टाकत म्हणाली. "एकाला उतरवायचंय!... बाळ्या! अरे बाळ्या!"

मागच्या सीटवरचा पिकल्या कानशिलांचा माणूस ताडकन उठला. जगात त्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं.

खाली उतरून तो तिच्यासमोर उभा राहिला. त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. "ताई... तू अनवाणी आलीस?"

"तू माघारी चालला होतास ना!" एवढंच तिला म्हणता आलं, आणि रस्त्यातच तिचे डोळे वाहू लागले.

घरी आल्यावर चहा पुढ्यात निवत राहिला आणि धाकटा बोलत राहिला. त्याची बायको नुकतीच गेली होती. मुलगी तेव्हा परदेशी शिकायला, परीक्षा तोंडावर आलेली. "तिच्या आईनंच माझ्याकडून वचन घेतलं गं. म्हणाली, पोरीला कळवू नका. मी नाही कळवलं. आणि पोर आली ती... ताई, तिनं काय म्हणावं मला? 'तुम्ही माझी आई माझ्यापासून चोरलीत!' तेच शब्द! ते ऐकले आणि मला तुझा तो खाली घातलेला चेहरा दिसला." त्याचा आवाज फाटला. "बाबांनीच ना? बाबांनीच तुला शपथ घातली होती ना?"

शपथ अजूनही शपथच होती! पण तिच्या गालांवरून ओघळणाऱ्या आसवांनी जे सांगायचं ते सांगून टाकलं. धाकट्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा तो हमसून हमसून रडला. "मला क्षमा कर... आयुष्यभर तुला एकटीला जाळलं मी..."

ती त्याच्या पिकल्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "पोरीला सांगितलंस का, की हे तिच्या आईचंच म्हणणं होतं?"

"कसं सांगू? मेलेल्या आईवर राग काढू देऊ? तू नाही का गप्प राहिलीस!"

ताईचा हात थबकला. तिच्या त्या मौनाचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. आज झालं, आणि ते तिच्या काळजात सुरीसारखं घुसलं!

तो त्या दिवशी राहिला. सकाळी ताईनं आपल्या खुर्चीशेजारी त्याच्यासाठी स्टूल मांडलं. "तू वाच," ती म्हणाली. "माझा चष्मा धुरकट झालाय."

धाकटा स्तोत्र वाचू लागला. दोन ओळी झाल्या, आणि तो अडखळला. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा अडखळला. "लक्षच लागत नाही गं," तो शरमून म्हणाला. "अक्षर दिसतच नाही. पोरीचंच तोंड दिसतंय."

कालची ताई असती, तर म्हणाली असती, मनाचा हात धर आणि परत आण. पण तिला आठवलं, की असाच एक चेहरा तिनं रोज सकाळी देवासमोरून हाकलून दिला होता... आणि काल तोच दार वाजवत होता! प्रभू मला रोज कोणाकडे बोट दाखवत होता, आणि मी मात्र त्यालाच विघ्न समजत बसले!

तिनं त्याच्या हातातलं बायबल अलगद मिटलं.

"ऊठ. पोरीला फोन कर. सगळं खरं सांग, तिच्या आईचं वचनसुद्धा."

"पण ताई, वचन..."

"मी पाळलं ना वचन! काय मिळालं? बाबांचा आब राहिला, पण तुला ना बाप उरला, ना बहीण. मला वाटायचं, मी त्याग करतेय... अरे, त्यात तुझंही सारं गेलं, ते मी तुला विचारलंच नव्हतं! रागावू दे तिला आईवर. आईच आहे ती, पोरीचा राग सोसेल."

"निदान आमेन तरी म्हणू दे."

"आमेन मागाहून म्हणू. देव थांबतो बाळ्या. पोरी थांबत नाहीत."

तो गॅलरीत गेला. बराच वेळ पलीकडून कुणी उचललं नाही. त्यानं पुन्हा लावला, आणि मग त्याचा चिरकलेला आवाज खोलीत आला, "बेटा, ठेवू नकोस... फक्त ऐक. आईबद्दल तुला एक सांगायचंय..."

खोलीत ताई एकटीच होती. तिनं हात जोडले, डोळे मिटले, आणि कधीही न पाहिलेल्या त्या पोरीसाठी ती म्हणाली, "प्रभू, तिला ऐकू दे."