चिंधी बांधलेली घंटा

टेकडीवरच्या रेडिओ केंद्रातल्या इंजिनिअरसाहेबांना बोलणाऱ्या माणसांचा भारी तिटकारा. "राबतात यंत्रं, आणि नाव होतं कुणाचं? तोंडाच्या वाफेचं!" असं ते रोज जेवताना बायकोला ऐकवायचे. ती ऐकत नसे, हा भाग वेगळा.

केंद्रात एक घंटा होती. गावातल्या स्टुडिओतून येणारा आवाज थांबला की ती ठणाणा वाजायची. मग इंजिनिअरने धावत जाऊन राखीव रेकॉर्ड लावायची. दुपारच्या डुलकीत नसती कटकट नको, म्हणून साहेबांनी तिच्या लोलकाला चिंधी गुंडाळून ठेवली होती.

आज मात्र ते टक्क जागे होते. टीव्ही केंद्रावरच्या त्यांच्या बदलीचा निकाल आज लागायचा होता, आणि वरचे साहेब रेडिओला कान लावून बसले होते. प्रक्षेपण जरा जरी मुकं झालं, की बदली विसरा.

भर दुपारी धुकं खिडकीला येऊन टेकलं. फोन वाजला. स्टुडिओतली निवेदिका होती.

"साहेब, रस्ता खोदताना केबल तुटली! रेकॉर्ड लावा, लवकर!"

"काहीतरीच काय, बाई! इथे बातम्या चालू आहेत. वाचणारा तुमच्यापेक्षा शंभरपट बरा आहे."

"वाचणारा? अहो, स्टुडिओत मी एकटीच आहे... आणि मी तुमच्याशी बोलतेय."

साहेबांनी नाक मुरडलं. उठून स्टुडिओच्या तारेचा प्लग उपटला. तरी आवाज मोजणाऱ्या यंत्राचा काटा हलतच राहिला. जळक्या धुळीचा वास आला. भिंतीवरच्या कर्ण्यातला आवाज संथपणे वाचत होता... आणि तो ओळखीचा होता. बायकोला टोमणे मारणारा, जरासा नाकातला.

"कोण... कोण आहे?" साहेबांनी विचारलं. पण त्यांच्या तोंडून निघाली नुसती कुजबुज. कर्ण्यातला आवाज तेवढाच भरदार झाला.

घटकाभराने केबल जोडली गेली. साहेबांनी घाईघाईने प्लग खोचला, निवेदिका बोलू लागली, तो आवाज विरला. लगेच फोन. वरचे साहेब!

"मघाशी बातम्या तुम्ही वाचल्यात ना? आवाज लगेच ओळखला. काय गळा आहे हो! बदली पक्की. फक्त तोंडाने एकदा हो म्हणा."

साहेबांनी तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही.

मागे घंटा ठणाणा वाजू लागली. कर्ण्यात निवेदिका सुरळीत बोलत होती. लोलकावरची चिंधीही जागच्या जागी, घट्ट.

साहेबांनी तोंड मिटलं. घंटा थांबली.