रेड शटलच्या रेकॉर्डवरचा आवाज

विश्वास बसो न बसो, मी त्या घरात होते.

१९७६ साल. भिवंडीतला निजामपुरा. शुक्रवारची दुपार. कापडाच्या लूमना सुट्टी, म्हणून गल्ली चिडीचूप.

माझा मामा केसरीनाथ 'रेड शटल' नावाच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. गायचा त्याचा मित्र सावळाराम. वर्षापूर्वी सावळाराम खाडीत बुडाला. पुढे रेकॉर्ड कंपनीने बँडची गाजलेली गाणी एका लाँगप्ले रेकॉर्डवर आणायचं ठरवलं. काही जुन्या लाँगप्लेमधली, काही सुट्या रेकॉर्डवरची.

मामाने काय करावं? सावळारामचा आवाज काढून टाकला आणि सगळी गाणी स्वतः गायली. म्हणे, मेलेल्याच्या आवाजाला आता कोण विचारतं? माझा मामा असला तरी सांगते, निव्वळ हाव होती ती.

सावळारामच्या आईला, बायजाबाईला, यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या दुपारी तिच्या घरी सावळारामचं वर्षश्राद्ध होतं. मागच्या पडवीत पान ठेवलं...

कावळा शिवेना.

तास गेला. नवस बोलून झाले, काकुळतीला येऊन झालं. शेवटी बायजाबाईने हात जोडले. नवी रेकॉर्ड आलीय, आज घरात तुझाच आवाज लावते, असं तिने लेकाला कबूल केलं. मग मामाकडे वळली.

"तू सांग रं त्याला. हाय ना त्याचाच आवाज?"

मामाने पानाकडे बघून हात जोडले.

"हाय."

कावळा झपकन उतरला... पान साफ केलं.

आता मामाची सुटका नव्हती. म्हातारीला काय कळतंय, असं माझ्या कानात पुटपुटत त्याने रेकॉर्ड लावली.

ड्रम वाजले. गिटार वाजली. गाणं सुरू व्हायची वेळ आली...

आवाजच नाही.

नुसता श्वास. ओला, घरघरणारा.

मामाने घाईघाईने पिन उचलली. तबकडी थांबली.

श्वास चालूच होता...

तो मामाच्या छातीतून येत होता.

मामाने तोंड उघडलं आणि त्यातून सावळाराम बोलला.

"आये, यानं तुला फशिवलं. मला पन."

बायजाबाई घाबरली नाही. पुढे झाली, मामाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आलास ना बाला? मंग आता जाव नको."

मामाचे डोळे मात्र माझ्याकडे होते. इतका भेदरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तीन वर्षं झाली. मामा तिथेच राहतो. तिला आये म्हणतो. आम्ही डॉक्टर केले, देवऋषी केले. कोणाला काही कळलं नाही.

मी दारात गेले की तो सावळारामच्या आवाजात हाकलतो.

"तुझा मामा न्हाय इथं. जा."

आणि बोलता बोलता माझं मनगट घट्ट धरून ठेवतो...

मी ते सोडवून घेते. दर वेळी.