दहावीच्या दाराची तक्रार

ती शाळेच्या दारांवर वर्गांचे आकडे रंगवत होती; गणिताचे नवे सर वर्गातून तरातरा बाहेर आले आणि थेट तिच्या शिडीला धडकले. डबा कलंडला... आणि पिवळा रंग सरांच्या बुटावर!

"अहो, बघून चाला ना!"

"बघूनच चाललो होतो! दारावर अकरा दिसलं म्हणून आत गेलो, अकरावीचं गणित शिकवत बसलो. मुलं बिचारी मुकाट्यानं लिहीत होती. शेवटी एकीनं विचारलं — सर, हे नववीला असतं?"

तिनं दाराच्या काचेकडे पाहिलं आणि चूक तिच्या ध्यानात आली. आकडा खरवडला जाऊ नये म्हणून तो काचेच्या आतल्या बाजूनं, उलटा रंगवायचा, ही बाबांची पद्धत. बाबांचा हात थरथरू लागल्यापासून हे तिचं एकटीचं पहिलंच काम. घाईत तिनं आतून IX सरळच लिहिलं होतं. बाहेरून ते XI दिसत होतं.

"मोठ्या बाईंना सांगू नका," ती कशीबशी म्हणाली. "हे काम गेलं, तर बाबा पुन्हा शिडीवर चढतील."

सर हळूच हसले. "नाही सांगणार. फक्त लक्षात ठेवा — एक दहाच्या डावीकडे उभा राहिला की वजाबाकी, उजवीकडे आला की बेरीज."

"आणि बुटाचं काय?"

"राहू द्या. पिवळा शोभतो मला."

त्यानंतर मधल्या सुट्टीत सरांचं काहीतरी काम नेमकं शिडीपाशीच निघू लागलं. एकदा त्यांनी खडूनं फरशीवर V आणि VI शेजारी लिहिले. "आता बेरीज. दोन V भेटले की त्यांचा X होतो. राहिला एक. झाले XI!"

"भेटले की लगेच?" तिनं ब्रशाआडून विचारलं.

"गणितात लगेच. माणसांत... वेळ लागतो."

वेळ जरा जास्तच लागला. शेवटचं दार झालं, ब्रश धुऊन झाले, तरी सर काही बोलले नाहीत. आता शाळेत यायला कारणच उरलं नव्हतं. घरी जाताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

दोनच दिवसांत सरांचा निरोप आला. दहावीच्या दारावरचा आकडा उलटा पडलाय, ताबडतोब या.

ती धापा टाकत पोचली. शाळा सुटली होती. तिनं X बाहेरून पाहिला, आत जाऊन पाहिला. काचेपलीकडे सर येऊन उभे राहिले होते, बुटावरचा पिवळा डाग तसाच.

"सर, X उलटा होईलच कसा? तो दोन्हीकडून सारखाच दिसतो!"

"माहीत आहे."

"मग तक्रार कसली? माझा जीव टांगणीला लागला होता!"

"चुकलो... पण दुसरं निमित्तच सुचेना." सरांचे कान लाल झाले. "तुम्ही मला फार आवडता. हे माझ्या बाजूनं. तुमच्या बाजूनं...?"

ती बाहेर आली आणि सरांच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. "वजाबाकी?" सरांचा चेहरा एवढासा झाला.

तशी ती खुदकन हसली, वळसा घालून उजवीकडे आली आणि त्यांचा हात धरला.

"ती खोट्या तक्रारीची शिक्षा होती," ती म्हणाली. "आता करा बेरीज."