दुसरी मंजुरी

'कडक' हे आभासी नाणं साखर पेठेत, चादरींच्या गोदामावरच्या खोलीत जन्मलं. नाव अर्थातच इथल्या कडक भाकरीवरून. त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना खुला आणि काम सगळं फुकट, त्यामुळे सुरुवातीला कार्यकर्ते चाळीस होते. मग संस्थापक मल्लप्पा कंटाळून दुधनीला वडिलांच्या आडतीवर जाऊन बसले, आणि दोन वर्षांत उरले दोन : पाटबंधारे कचेरीतली बुद्धप्रिया आणि माढ्याचा कॉम्प्युटरमास्तर यशपाल.

नियम मल्लप्पांनीच घातलेला. एकानं केलेली दुरुस्ती दुसऱ्यानं तपासून मंजूर केल्याशिवाय आत जायची नाही. म्हणजे दोघांतलं एक गेलं की नाणं मेलं. बुद्धप्रियाला सोडायचं होतं. थकव्यानं ती कचेरीत फायलींवर डुलक्या घ्यायची. सरकारी कचेरीत हे उठून दिसत नाही, म्हणून निभावलं.

अशात मल्लप्पांच्या नावानं मंजुऱ्या येऊ लागल्या. रोज, न चुकता. दोघांनी जाहीर आभार मानले. विचारपूस केली नाही. फुकट राबणाऱ्याला फार विचारलं की तो पळतो, हा अनुभव.

एका गुरुवारी, तिनं अजून लिहिलीच नव्हती ती दुरुस्ती मंजूर होऊन आली.

ती दुधनीला गेली. मल्लप्पा तुरीच्या पोत्यांत बसले होते.

"अण्णा, परत कामाला लागलात, बरं वाटलं."

"कुटलं काम? गेलो त्याच दिवशी खातं बंद केलं की. कॉम्प्युटर बी इकला."

"मग रोज मंजुऱ्या कोण—"

"हळू बोल." त्यांनी तिच्याकडं न बघता चहाचा कप पुढं सरकवला. "तू सोडू नको. मी सोडलं, चुकलं."

शनिवारी तिनं कार्यकर्त्यांच्या यादीतून स्वतःचं नाव काढलं.

मंजुरी लगेच आली.

दोन वर्षांत पहिल्यांदा ती पोटभर झोपली. रविवारी अकराला, गोदामावरच्या खोलीतल्या नेहमीच्या बैठकीच्या वेळी, तिनं यशपालला फोन लावला.

"मी येत नाही रे आता. सोडलं मी."

"काय ताई, चेष्टा लावलीय व्हय? समोर बसून फोन कसा लावला?"

तिनं फोनवरचं नाव पुन्हा पाहिलं.

"सकाळपासून लई काम उरकलं की तुमी. आता चहा तरी घ्या."

त्याच्यामागून कुणीतरी विचारलं, "कोण आहे रे?"

आवाज तिचाच होता. फक्त थकलेला नव्हता.