मागच्या रांगेतला प्रश्न

"मागे ऐकू येतंय का?"

मी विभागाच्या मोठ्या हॉलमध्ये प्रोजेक्टर बघायला गेले होते. संध्याकाळ झालेली, बाहेर बारीक पाऊस लागलेला. हॉल रिकामाच असणार म्हणून दार धाडकन उघडलं, तर समोर फळ्यापाशी एक माणूस उभा. कोट हातावर, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि हा प्रश्न तो रिकाम्या खुर्च्यांना विचारत होता. खुर्च्या काय बोलणार? मीच बोलले. म्हटलं, "नाही येत."

दचकला बिचारा. मग हसला आणि म्हणाला, मग जरा शेवटच्या रांगेत बसता का, मला अंदाज येईल. मी का बसले, देवाला ठाऊक. बसले, आणि तो बोलत राहिला... पुलांबद्दल. गाड्या जाताना पूल थरथरतो, ती थरथर यंत्रांनी नीट ऐकली तर पूल कुठे थकलाय ते तडा दिसायच्या आधीच कळतं, असं त्याचं काम. जीव ओतून सांगत होता, पण आवाज असा, की जणू जवळ कुणाचं तान्हं बाळ झोपलंय. मी दर दोन वाक्यांनी "मोठ्यानं" म्हणत होते आणि तो दर वेळी मान हलवून तितक्याच हळू पुढे जात होता.

शेवटी त्यानं विचारलं, तुम्ही इथल्याच का? मी सांगितलं, इथेच शिकवते, काँक्रीटचे ठोकळे फोडते, आणि उद्या मुलाखतीला जो उमेदवार येणार आहे त्याला दिवसभर मिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

तो नाडी बांधायला खाली वाकला. वाकलेला असतानाच म्हणाला, "तो उमेदवार मीच."

सरकारी विद्यापीठात नवा प्राध्यापक नेमणं म्हणजे मुलगी बघण्याहून अवघड प्रकार. जागा एक, अर्ज ढीगभर. त्यातून निवडलेले मोजके लोक एकेक करून येतात, दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जातात, व्याख्यान देतात, आणि मग आमची पाचजणांची समिती दार लावून मत देते. तीन मतं पडली तर जागा मिळाली, नाही तर नमस्कार. समितीत मी सगळ्यात लहान, म्हणून पाहुण्यांची ने-आण माझ्याकडे. आणि नियम असा, की उमेदवाराला घरचं काही म्हणजे काही विचारायचं नाही. लग्न झालंय का, मुलंबाळं आहेत का, तोंडातून काढायचं नाही. नोकरी कामावर मिळाली पाहिजे. हा नियम अगदी योग्य आहे, आणि दर बैठकीत तो सगळ्यांना ठणकावून सांगणारी मीच होते. आता तोच माझ्या मुळावर आला.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पावसात माझ्या छत्रीखाली आला, आणि मला जगातलं दुसरं काहीही जाणून घ्यायचं नव्हतं.

छत्री माझ्याकडे एकच होती. तो इतका आदबीनं चालत होता, की त्याचा अर्धा कोट बाहेर भिजत होता. मी म्हटलं, जवळ या, न्यूमोनिया झालेला उमेदवार समितीला चालत नाही. तो एक पाऊल जवळ आला. ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास आला, आणि ग्रंथालयाकडे वळायचं सोडून मी सरळ वाहनतळावर गेले. इथे मी किती वर्षं शिकवतेय, पण त्या दिवशी रस्ता चुकले.

दुपारी कँटीनमध्ये जेवताना मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, की इथे आलात तर राहायला जागा केवढी लागेल. त्यानं पावाचा तुकडा तसाच हातात धरला.

"हे विचारायला परवानगी आहे, मॅडम?"

मी चरकले. म्हटलं, नाही, उत्तर देऊ नका, मी विचारलंच नाही.

"आणि मी आपणहून सांगितलं तर?"

"तर मी ऐकलं नाही, असं समजा."

"माझ्याकडे एक उशी आहे," तो सूपाच्या वाटीकडे बघत म्हणाला. "एक उशी, एक कप. पाहुणा आला तर मी वाटीतून चहा पितो."

मी ऐकलं नाही. पण सकाळपासून टांगणीला लागलेला जीव जरा खाली टेकला, आणि समोरचं सगळं जेवण मी चाटूनपुसून संपवलं.

मग माझी प्रयोगशाळा. मी मशिनमध्ये एक ठोकळा ठेवला, दाब चढवत नेला आणि सवयीप्रमाणे आकड्यांकडे बघत राहिले. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मशिनभोवतीच्या जाळीजवळ उभा राहिला, डोळे मिटले. आणि पहिल्यांदाच मला ती कुरकुर ऐकू आली... अगदी बारीक, ठोकळ्याच्या आतून. "आता," तो पुटपुटला, आणि ठोकळा फुटला. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. धुळीनं माखलेले माझे हात मी उगाचच पाठीमागे लपवले. झालं, मेले मी, असं अगदी या शब्दांत मनात आलं.

खरी परीक्षा पुढे होती. आमच्या समितीत एक जुने प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे मागून कात्रीसर म्हणतात, कारण आलेल्या प्रत्येक उमेदवाराला ते उभा कापतात. व्याख्यानाला ते पहिल्या रांगेत बसले. मी मुद्दाम शेवटच्या. सुरुवातीलाच त्याचा आवाज खाली गेला, पुढचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी मागून हात वर केला. त्यानं मला पाहिलं आणि आवाज चढला. छान बोलला.

शेवटी कात्रीसर उठले. त्यांनी विचारलं, जो पूल नवा असताना कुणी ऐकलाच नाही, तो आता थकलाय हे कशाशी ताडून ठरवणार?

मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नख मोडलं.

"माहीत नाही, सर," तो म्हणाला. "मला अजून जमलेलं नाही. ते शोधायलाच इथे यायचंय."

कात्रीसरांनी पेनाला टोपण लावलं. आमच्या विभागात लहान मुलालाही त्याचा अर्थ कळेल. टोपण लागलं की उमेदवार गेला.

संध्याकाळी मी त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. त्यानं सांगितलं, दुसऱ्या एका विद्यापीठानं त्याला बोलावलंय, पार दूर, आणि त्यांना या आठवड्यातच उत्तर हवंय. इथलं झालं नाही तर तिथे जावंच लागेल. मी 'अरे वा, छान' असं काहीतरी मूर्खासारखं बोलले. तो टॅक्सीचं दार धरून उभा राहिला.

"एक विचारायचं होतं..."

"मी समितीत आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारत नाहीये."

टॅक्सी गेली. छत्री हातात मिटलेलीच होती, हे मला भिजून चिंब झाल्यावर कळलं.

मी माझ्या ताईबरोबर राहते. तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध. मतदानाच्या दिवशी सकाळी मी टोस्टला दोनदा लोणी लावलं आणि तिनं सुरी काढून घेतली. मग मी सगळं सांगितलं. विभागप्रमुख त्याच्या बाजूनं दिसतात, कात्रीसर नक्की विरुद्ध, उरलेल्या दोघांचं तळ्यात-मळ्यात. माझं मत त्याला नक्की. पण दुसरा एक नियम आहे, की उमेदवाराशी कुणाचं काही नातं असेल तर त्यानं सांगून बाहेर जायचं. मी बाहेर गेले तरी मतं तीनच लागणार, आणि ती तीन येणार कुठून?

ताई म्हणाली, मग बस गप्प आणि दे मत, कुणाला कळतंय? मी म्हटलं, मला कळेल. आणि उद्या कुणी त्याला तोंडावर म्हटलं, की हा बाईच्या मेहेरबानीनं आलाय, तर तो काय करेल? त्याचं काम इतकं चांगलं आहे, त्याला माझ्या मताचा डाग कशाला?

"म्हणजे प्रेमात पडलीस," ताई म्हणाली.

"मी तसं म्हटलं नाही."

"बाकी सगळं म्हटलंस. तेवढंच राहिलं."

बैठकीच्या आधी मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ते मोजकं बोलणारे गृहस्थ, वीस शब्दांत दिवस काढतात. मी उभ्या उभ्या सांगितलं, की या उमेदवारावर मला मत देता येणार नाही. त्यांनी विचारलं, नातं काय? मी म्हटलं, काहीच नाही. मग वडिलांच्या वयाच्या त्या माणसासमोर मी बोलून गेले, "मला तो आवडतो, सर. त्याला माहीत नाही."

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र झालं, ठसका आवरावा तसं. मला वाटलं, माझी किंमत संपली यांच्या नजरेत. ते एवढंच म्हणाले, "बरं. बाहेर थांबा."

बाहेरचा बाक थंडगार होता. दाराआडून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा कात्रीसरांचा आवाज चढला आणि मी डोळे मिटले. त्यानं शिकवल्यासारखं ऐकायचा प्रयत्न केला, पण माझ्याच छातीतली धडधड मध्ये येत होती. मी स्वतःच्या हातानं त्याचं मत काढून घेतलं होतं. तो दूर जाईल, आणि का गेला हे त्याला कधीच कळणार नाही. प्रामाणिकपणा वगैरे ठीक आहे, पण त्या बाकावर मला रडू यायला लागलं होतं.

दार उघडलं. जो बाहेर गेला त्याला निकाल सांगत नाहीत, हाही नियमच. सर माझ्यासमोरून गेले. कात्रीसरांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तेही गेले.

आठवडा कसा सरला ते विचारू नका. फोन करायची सोय नाही, विचारायची सोय नाही. फोन वाजला की मी झडप घालायची, आणि दर वेळी कर्ज हवंय का विचारणारी बँक. शेवटच्या दिवशी दुपारी वर्ग संपवून हॉलवरून जात होते. पाऊस होताच. दार अर्धवट उघडं होतं.

"मागे ऐकू येतंय का?"

आत गेले ती शेवटच्या रांगेत जाऊन बसलेच. तो फळ्यापाशी उभा होता, कोट अर्धा भिजलेला. सकाळी सरांचा फोन आला म्हणाला, जागा मिळाली. आत्ता जिन्यात कात्रीसर भेटले. तिसरं मत त्यांचं. इतक्या वर्षांत 'माहीत नाही' म्हणणारा पहिलाच उमेदवार भेटला, असं म्हणाले. मी हसले की रडले, आठवत नाही, पण नाक नक्की पुसलं.

"एक कबूल करायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी बैठकीच्या आधी मी विभागप्रमुखांना फोन केला होता. सांगितलं, त्या ठोकळेवाल्या मॅडमना माझ्या मतदानाला बसवू नका."

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, का? माझं मत नको होतं तुम्हाला? मी तुमच्यासाठी... आणि मी थांबले. सरांचा तो चेहरा डोळ्यांसमोर आला. ती ठसक्याची उबळ.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, कारण द्या. मी दिलं. म्हणाले, बरं, आणि फोन ठेवला. आज पुन्हा तुमचा विषय काढला, तर म्हणाले, हा समितीचा विषय नाही, बाईंना विचारा. आणि मोठ्यानं बोला."

म्हणजे आम्ही दोघांनी एकाच सकाळी, एकमेकांना सोडून, त्या एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि त्या माणसानं आठवडाभर तोंडाला कुलूप लावलं होतं.

समितीचं काम आता संपलं होतं. हात वर केला.

"मागच्या रांगेतून एक प्रश्न आहे. तुमचं लग्न झालंय का?"

"नाही."

"मग कारण काय दिलंत सरांना?"

त्याचे ओठ हलले.

"मागे ऐकू येत नाहीये," मी म्हटलं. ऐकू आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं.

"मला तू आवडतेस." या वेळी हॉल घुमला. पहिल्यांदाच त्यानं मला तू म्हटलं, आणि तेही व्याख्यानाच्या आवाजात.

दार उघडून कात्रीसर आत आले, घड्याळ बघत. म्हणाले, जिन्यापर्यंत ऐकू आलंय, आता पाच मिनिटांत माझा तास आहे. दार पुन्हा लागलं. तो कानापर्यंत लाल झाला होता, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता.

मी उठले, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.